कोलॅजन खाऊन कोलॅजन वाढतं? धुळ्याच्या एका वाचकाला उत्तर

राम राम भाऊ,

गुडघेदुखी आणि कोलॅजन (हाडं, कूर्चा, कातडी बांधून ठेवणारं प्रथिन) यांच्या पावडरीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत त्याचा मथितार्थ असा: तुमच्या माळकरी आईचे गुडघे पावडरीने तीन महिन्यांत सुधारले, ‘कोलॅजन खाल्लं की कोलॅजन वाढणार, हे शेंबडं पोरही सांगेल’, ठिसूळ हाडांच्या मुलांनाही तीच द्यायला हवी, आणि मी ‘पुस्तकातलं ओकणं’ बंद करावं. पुढे तीन उद्गारचिन्हं.

ओकणं वगैरे पारावर चालत असेल. इथे बारावीची पोरं-पोरीही वाचायला येतात, तेव्हा जरा सांभाळून. आणि मी पुस्तकातलं नाही तर कुठलं सांगू? अमळनेरात जीवशास्त्र शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, पावडरीची एजन्सी काही मी घेतलेली नाही. मुद्दा पटला नाही तर मुद्द्यावर बोला की. माणसाच्या वयावर आणि चष्म्यावर कशाला घसरायचं?

आता ते शेंबडं पोर. ज्या बोकडाचे पाये आपण शिजवतो, त्याने जन्मभर पालाच खाल्लेला असतो. पाल्यात कोलॅजन औषधालाही नसतं. तरी त्याच्या पायांत ते ठासून भरलेलं असतं, कारण त्याचं शरीर ते स्वतः घडवतं. आपलंही तसंच. कोलॅजनचा अख्खा रेणू सुमारे तीन लाख डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक). पावडरीत त्याचे दोन ते पाच हजार डाल्टनचे तुकडे असतात. जठरातलं पेप्सिन आणि पुढे आतड्यातलं ट्रिप्सिन ही पाचक एन्झाइम्स ते आणखी तोडतात. एक मान्य करतो: प्रोलिन आणि हायड्रॉक्सीप्रोलिन या अमिनो आम्लांची (प्रथिनाच्या साखळीतल्या मण्यांची) जोडी काही प्रमाणात न तुटता रक्तात पोचते, आणि काही चाचण्यांत गुडघ्याचं दुखणं थोडं कमी झाल्याचंही आढळलं आहे. पण दुखणं कमी होणं वेगळं आणि सांध्यातली झिजलेली गादी, म्हणजे कूर्चा, भरून येणं वेगळं. प्रौढ माणसाच्या कूर्चेतलं कोलॅजन इतकं सावकाश बदलतं, की निम्मं बदलायला शंभराहून जास्त वर्षं लागतील असा अंदाज आहे. तुमचे तीन महिने त्यात कुठे बसतात ते सांगा. संधिवाताचं दुखणं आपोआपही कमी-जास्त होतं; उतरणीला लागलेल्या दुखण्याचं श्रेय त्या वेळी हातात असलेल्या डब्याला जातं.

आणखी खोलात जायचं तर हायड्रॉक्सीप्रोलिन आयतं मिळूनही शरीराला ते साखळीत गुंफता येत नाही, त्याला कोडॉनच (जनुकातला सांकेतिक शब्दच) नाही. आधी साधं प्रोलिन गुंफलं जातं आणि मग एक एन्झाइम त्याला हायड्रॉक्सिल गट जोडतं. त्या एन्झाइमला लोह, ऑक्सिजन आणि क जीवनसत्त्व लागतं. हे काम झालं नाही तर कोलॅजनच्या तीन साखळ्यांचा पीळ २४ अंशांच्या आसपासच सुटतो, आणि आपलं शरीर ३७ अंशांचं. स्कर्व्हीत (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगात) हिरड्या सुजून रक्त येतं, भरलेल्या जखमा पुन्हा उकलतात, ते यामुळे. त्यापेक्षा शंभर ग्रॅम पेरू खा, दिवसाच्या गरजेच्या दुपटीहून जास्त क जीवनसत्त्व मिळतं. कच्चाच खा, शिजवलं की ते बरंचसं उडतं. पोटात पुरेशी प्रथिनं हवीत, हे सांगायला नकोच. मग कोलॅजन शरीर बनवतं.

(त्या पिळाची रचना जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था या शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात मद्रासमध्ये उलगडली. ‘परदेशी ज्ञान’ हा तुमचा टोमणा तिथेच संपतो.)

जन्मजात ठिसूळ हाडांच्या मुलांचं म्हणाल, तर तिथे माल कमी नसतो, नकाशा चुकलेला असतो. पिळाच्या आत जागा इतकी अरुंद, की दर तिसऱ्या ठिकाणी सगळ्यांत लहान अमिनो आम्ल, ग्लायसिनच मावतं. १७व्या किंवा ७व्या गुणसूत्रावरच्या कोलॅजनच्या जनुकात एक अक्षर बदललं आणि त्या जागी मोठं अमिनो आम्ल आलं, की पीळ बसत नाही. डबे रिकामे केलेत तरी पेशी त्याच चुकलेल्या नकाशाने बांधणार. साध्या धक्क्याने पुन्हा पुन्हा हाड मोडणारं, डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसणारं मूल असेल, तर त्याला आधी अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्यायचं. हाडांची झीज रोखणारी बिस्फॉस्फोनेट औषधं, हाडात घातलेल्या सळया, फिजिओथेरपी, असे उपचार आहेत. पावडरीने जातो तो वेळ.

केस, नखं, बायोटिनबद्दल (ते एक जीवनसत्त्व) तुम्ही लिहिलेलं सोडून देतो. केसात केराटिन हे वेगळं प्रथिन असतं, तो विषयच निराळा.

शेवटचं. तुमच्या डब्यावर ‘संपूर्ण प्रथिन’ छापलंय म्हणता. कोलॅजनमध्ये ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, मग संपूर्ण कसलं? आणि खरं कोलॅजन जनावराच्या किंवा माशाच्या कातडी-हाडांतून काढतात. ‘शाकाहारी कोलॅजन’ म्हणून विकतात त्यात बहुतेक वेळा नुसती अमिनो आम्लं आणि क जीवनसत्त्व असतं. आईला पुढचा चमचा देण्याआधी डब्यावरचं चिन्ह हिरवं आहे की तपकिरी, तेवढं बघून घ्या.