‘नगरपरिषदेकडे शंभर कोटी आहेत’ : फिरत्या संदेशातील विधानांचा प्रतिवाद

फेब्रुवारीत अंदाजपत्रकाच्या विशेष सभांच्या नोटिसा निघू लागल्या की महाराष्ट्रातील लहान शहरांत थोड्याफार फरकाने एकच संदेश फिरतो. त्याचा आशय असा : नगरपरिषदेचे अंदाजपत्रक शंभर कोटींचे आहे, हा पैसा आपल्या घरपट्टीचा आहे, मनात आणले तर वर्षभरात सगळे रस्ते होतील, ते होत नाहीत कारण पैसा खाल्ला जातो, तेव्हा रस्ते होईपर्यंत घरपट्टी भरू नका. पैसा खाल्ला जात नाही, असे मी म्हणणार नाही. मात्र या संदेशामुळे नगरसेवकांना ज्या थोड्या रकमेबाबत खरोखर निवड करता येते, नेमकी तीच नजरेआड होते.

पहिले विधान बेरजेचे. या बेरजेत आरंभीची शिल्लक, हाती न आलेली शासकीय अनुदाने, ठेकेदारांच्या अनामत रकमा आणि शासनाच्या वतीने वसूल केलेला शिक्षण कर व रोजगार हमी कर हे सारे सहसा धरलेले असते. केंद्र सरकारच्या अमृत 2.0 या शहरी पाणीपुरवठा अभियानातून एखादी योजना मंजूर झालेली असेल, तर त्या एकाच योजनेने आकडा कितीतरी फुगतो; पण तिच्यातला रुपयाही गटारावर खर्च करता येत नाही. (‘शिलकी अंदाजपत्रक’ या मथळ्यानेही हुरळून जाऊ नये, करवसुली शंभर टक्के होईल असे धरले की कागदावर शिल्लक आपोआप निघते.)

हा सगळा पैसा घरपट्टीचा, हेही खरे नाही. नगरपरिषद हद्दीतील जकात 1999 मध्ये बंद झाली, तेव्हापासून तिच्या बदल्यात सहायक अनुदान येते आणि ते मुख्यतः वेतनावर जाते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या काळात लहान व मध्यम शहरांसाठी दिलेल्या निधीपैकी 60 टक्के पाणी, स्वच्छता आणि घनकचरा यांच्याशी बांधलेला होता, तर उरलेल्या 40 टक्क्यांतून पगार किंवा आस्थापना खर्च करण्यास मनाई होती. स्वउत्पन्नातूनही दिव्यांग कल्याण आणि महिला व बालकल्याण यांसाठी ठरावीक टक्केवारी राखून ठेवावी लागते. वेतन, पथदिव्यांची वीजदेयके आणि मंजूर योजनांतील नगरपरिषदेचा हिस्सा वजा जाता जे उरते, प्राधान्यक्रमाचा खरा वाद तेवढ्यापुरताच असतो.

वर्षभरात सगळे रस्ते होतील, या विधानात दोन चुका आहेत. शहरातून जाणारा राज्यमार्ग बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतो, ही लहान चूक. मोठी चूक कामांच्या क्रमाची आहे : जलवाहिनी आणि भुयारी गटार बाकी असताना केलेले डांबरीकरण पुढच्या वर्षी उकरले जाते आणि त्याच रस्त्याचे देयक दोनदा निघते. पाणी आणि कचरा आधी मार्गी लावणारी शहरेही आहेत. कराडलगतच्या मलकापूरने नगरपंचायत असतानाच मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याचे ठरवले आणि वापर वाढेल तसा दर चढता ठेवला. वेंगुर्ल्याने कचरा वर्गीकरण इतक्या नेटाने लावून धरले की तिथली कचऱ्याची जागा लोक पाहायला जाऊ लागले. 2020 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालील शहरांत कराड, सासवड आणि लोणावळा हे पहिले तीन क्रमांक महाराष्ट्रातच आले. निधीचे नियम या शहरांनाही तेच होते. पाणी आणि कचरा यांसाठी बांधलेला निधी वेळेवर आणि पुरता वापरला, तर तेवढा स्वनिधी रस्त्यांसाठी मोकळा होतो. तो निधी पडून राहिला, तर टँकर आणि कचरा वाहतूक यांवर स्वनिधीच जातो.

पैसा खाल्ला जातो, हे विधान सत्याच्या सर्वांत जवळचे आहे, पण ते अंदाजपत्रकाच्या बेरजेवरून सिद्ध होत नाही. त्यासाठी मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही), गुणवत्ता चाचणीचा अहवाल आणि लेखापरीक्षणातील आक्षेप मागवावे लागतात. विशेषतः सभेत ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून घुसवलेले ठराव आणि वर्षाच्या मध्यात खर्चाच्या एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात वळवलेल्या रकमा तपासाव्या लागतात, कारण फेब्रुवारीत मंजूर झालेला प्राधान्यक्रम तिथेच गुपचूप बदलतो. अनेक ठिकाणी कित्येक वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते. डिसेंबर 2025 च्या निवडणुकांनंतर आलेल्या नगरसेवकांना याबद्दल सभागृहात विचारता येते आणि मतदारांनी त्यांना विचारायला लावले पाहिजे.

घरपट्टी थांबवण्याचा सल्ला तर उलटाच लागू पडतो. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते, हा झाला वैयक्तिक तोटा. मालमत्ता कराची वसुली वाढवणे ही वित्त आयोगाच्या निधीचीच अट होती. शिवाय घरपट्टी थांबली म्हणून वेतन थांबत नाही आणि योजनेतला हिस्साही चुकत नाही. कात्री लागते ती स्वनिधीतील कामांना, म्हणजे ज्या रस्त्यासाठी हा बहिष्कार सुचवला जातो त्यालाच.