‘ऐन मॅचमध्ये व्हीपीएन बंद’ या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुम्ही एक तारा देऊन जे लिहिलंत ते थोडक्यात असं: मायदेशातल्या वाहिनीवर मॅच बघण्यासाठी आमच्या व्हीपीएनचं, म्हणजे तुमचं इंटरनेट दुसऱ्या देशातल्या सर्व्हरमधून फिरवून तुम्ही तिथेच आहात असं भासवणाऱ्या सेवेचं, वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं. पहिला हाफ नीट दिसला आणि दुसऱ्या हाफला ‘तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही’ अशी पाटी आली. फोनवर तर काहीच लागलं नाही. मायदेशाचा म्हणून दाखवलेल्या सर्व्हरचं उत्तर १५ मिलिसेकंदांत आलं, म्हणजे तो दुसऱ्याच देशात निघाला. त्याच रात्री एक फुकटचं ॲप मात्र चाललं, म्हणजे आम्ही फसवतो. कंपनी माझी आहे, तेव्हा सपोर्टचा ठरलेला मजकूर न चिकटवता मीच उत्तर देतो.

तुम्ही ‘तुमच्या नोंदी तपासा म्हणजे कळेल’ असंही लिहिलंय. तशा नोंदी आम्ही ठेवत नाही. कोण कुठली वाहिनी बघतं हे आम्हाला दिसू नये, यासाठीच तर लोक आमच्याकडे येतात. त्यामुळे पुढचं सगळं तुमच्याच वर्णनावरून.

वाहिनी तुमचा देश ओळखते आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटच्या जोडणीला मिळालेल्या क्रमांकावरून. आमच्या एकेका पत्त्यामागे एकाच वेळी अनेक ग्राहक असतात. घरातल्या जोडणीवर मात्र फार तर दोन-चार पडदे चालू असतात. मॅचच्या रात्री एकाच पत्त्यावरून खात्यांची रीघ लागली, की वाहिनीला फार शोधाशोध करावी लागत नाही. त्यात आमचे पत्ते डेटा सेंटरच्या, म्हणजे सर्व्हर भाड्याने ठेवण्याच्या जागेच्या, नावावर आहेत आणि ती नोंद कुणालाही बघता येते. अशा पत्त्यांच्या याद्या विकण्याचाही धंदा चालतो. नेटफ्लिक्सने जानेवारी २०१६ मध्ये जाहीरपणे व्हीपीएनविरुद्ध कंबर कसली, आणि आज ही पाठशिवणी जवळपास सगळीकडे चालू आहे. आज चालणारा पत्ता उद्या, किंवा दुसऱ्या हाफला, यादीत गेलेला असतो. म्हणूनच आमच्या विक्रीच्या पानावर एकाही वाहिनीचं नाव नाही. ‘अमुक नक्की दिसेल’ असं लिहिलं असतं तर विक्री वाढली असती, यात मला शंका नाही.

वाहिनीला मी दोषही देणार नाही. खेळाचे हक्क देशागणिक विकले जातात. तुम्ही सध्या राहता तिथे तीच मॅच दाखवायला बहुधा दुसऱ्याच कुणी पैसे मोजलेले असतात. बहुतेक वाहिन्या आपल्या अटींत व्हीपीएन चालणार नाही असं लिहितात आणि त्यासाठी खातं बंद करू शकतात. हे आम्ही खरेदीच्या पानावर, पैसे भरण्याच्या बटणाच्या वर छापलंय. काही देशांत प्रकरण अटींवर थांबत नाही, व्हीपीएनच्या वापरावर कायद्याचंही बंधन असतं. राहता तिथला नियम बघून घ्या; तो आमच्या सपोर्टला विचारू नका, ते वकील नाहीत. आणि युरोपीय संघात राहणाऱ्यांसाठी जाता जाता: १ एप्रिल २०१८ पासून, आपल्या देशात पैसे भरून घेतलेली सेवा संघातल्या दुसऱ्या देशात तात्पुरतं गेल्यावरही बघता यायला हवी असा नियम आहे. त्या प्रवासात आमची गरजच नाही.

फोनचं कारण वेगळं आहे. व्हीपीएन आयपी पत्ता बदलतं, जीपीएस नाही. ॲपला तुम्ही लोकेशनची परवानगी दिली असेल, तर ते थेट उपग्रहाच्या हिशोबाने तुम्ही कुठे आहात ते बघतं. सिमकार्ड कुठल्या देशाचं, ॲप स्टोअरचं खातं कुठलं, हेही काही ॲप्स तपासतात. सपोर्टने ‘कुकीज (वेबसाइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या छोट्या नोंदी) साफ करा’ सांगितलं म्हणून तुम्ही चिडलात. ब्राउझरमध्ये त्याचा खरंच उपयोग होतो, कारण जुन्या कुकीत आधीचा देश लिहिलेला राहू शकतो. फोनच्या ॲपला मात्र त्याने काही फरक पडला नसता.

सर्व्हरबद्दलची तुमची तपासणी अचूक आहे. इंटरनेटच्या फायबर केबलमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सहा हजार किलोमीटरवरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन बारा हजार किलोमीटर होतात, म्हणून त्याचं उत्तर ६० मिलिसेकंदांच्या आत येणं शक्यच नाही. तुम्हाला १५ दिसले, म्हणजे सर्व्हर जवळच कुठेतरी आहे. मात्र यादीत त्या नावापुढे ‘आभासी’ अशी खूण आहे, आणि त्यावर बोट ठेवलं की यंत्र खरं कुठे आहे तेही उघडतं. हे का करावं लागतं याचं एक उदाहरण देतो. भारतात एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं, आणि त्यानंतर अनेक कंपन्यांनी तिथली यंत्रं उचलून बाहेर नेली. पत्ता भारताचा, यंत्र परदेशात. ज्याला नोंदी ठेवायच्या नाहीत त्याच्यापुढे फार वाटा नसतात.

आता ते फुकटचं ॲप. ते चाललं यावर माझा पूर्ण विश्वास आहे. प्रश्न ते कुणाच्या पत्त्यावर चाललं हा आहे. डेटा सेंटरचे पत्ते अडवले जातात, म्हणून काहीजण सामान्य लोकांच्या घरच्या जोडण्या वापरतात, आणि त्या घरातल्यांना बहुतेकदा त्याची कल्पनाही नसते. २०१५ मध्ये एका लोकप्रिय फुकट सेवेबद्दल हेच उघडकीस आलं होतं: वापरणाऱ्यांचीच जोडणी तिऱ्हाइतांना विकली जात होती. म्हणजे तुम्ही कुणाच्या तरी घरातून मॅच बघता, आणि तेव्हाच तुमच्या घरातून कोण काय करतंय ते तुम्हाला कळत नाही. असे घरगुती पत्ते विकणारे आमच्याकडेही येतात. ते घेतले तर तुमच्यासारखे अभिप्राय कमी होतील. मी घेत नाही आणि घेणार नाही. त्यासाठी एक तारा पडणार असेल तर पडू दे.

फक्त मायदेशातली वाहिनीच बघायची असेल, तर आमच्यापेक्षा बरा उपाय आहे. तिथे घरचं कुणी राहत असेल आणि त्यांची हरकत नसेल, तर त्यांच्या राउटरवर वायरगार्ड, म्हणजे स्वतःचं व्हीपीएन चालवण्याचं सॉफ्टवेअर, बसवा. ते मोफत आहे, मार्च २०२० पासून लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) आहे, आणि बऱ्याच नव्या राउटरमध्ये तयार मिळतं. वाहिनीला दिसतो तो त्या घराचा पत्ता, त्यावर गर्दी नसते. दोन गोष्टी आधी बघा. एक, त्या घराचा अपलोड वेग, कारण चित्र तुमच्यापर्यंत तिथून ‘चढून’ येतं. एचडीसाठी ५ एमबीपीएस तरी हवा. दोन, त्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी मिळतो का. इंटरनेट पुरवणाऱ्या अनेक कंपन्या एकच पत्ता बऱ्याच घरांना वाटून देतात, तसं असेल तर बाहेरून आत शिरताच येत नाही. आधी कंपनीकडून वेगळा पत्ता मागून घ्यावा लागेल. वाहिनीच्या अटी मात्र या मार्गालाही लागू आहेत.

तुम्ही परताव्याच्या मुदतीत आहात. खात्यात ‘रद्द करा’ दाबा, कारण विचारलं जाणार नाही, पैसे भरलेत त्याच कार्डावर परत येतील. ॲप काढण्याआधी त्यातला ‘किल स्विच’ (व्हीपीएन तुटलं की इंटरनेट थांबवणारी सोय) बंद करा आणि फोनच्या सेटिंगमधली व्हीपीएन प्रोफाइलही पुसा. ती राहिली तर इंटरनेट अडकून बसतं.