जमैकन विनोदी नाटक: तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लंडनला दौऱ्यावर आलेलं जमैकन नाटक तुम्ही पाहिलंत. तुमच्या तक्रारी थोडक्यात अशा: प्रयोग उशिरा सुरू झाला, निम्मे संवाद कळले नाहीत, उगाच इंग्रजी झाडणारी बाई कंटाळवाणी होती, प्रेक्षक मध्येच ओरडत होते, दुसरा अंक रेंगाळला आणि विषय नवरा-बायकोच्या भांडणापलीकडे गेला नाही.

उशिराचं समर्थन नाही. संवाद न कळण्याला मात्र दोन कारणं असतात. एक, छोट्या जागेत बसवलेलं नाटक मोठ्या सभागृहात नेलं की हशा ओसरण्याआधीच पुढचं वाक्य येतं आणि माइक असूनही बुडतं. बाल्कनी स्वस्त पडते, पण अशा नाटकाला पुढच्या आठ-दहा रांगांतलं मधलं तिकीट काढावं. दुसरं कारण पॅट्वा, म्हणजे जमैकातली घरची बोली. त्यात क्रियापदाचं रूप बदलत नाही, आधीचा शब्द ऐकायचा: ‘मी अ न्याम’ म्हणजे मी खातोय, ‘मी डिड न्याम’ म्हणजे खाल्लं. ‘डि पिकनी डेम’ म्हणजे पोरं, ‘उनू’ म्हणजे तुम्ही सगळे. एवढ्यावर पहिला अंक निभावतो.

आता ती बाई. पॅट्वात शब्दारंभीचा ‘ह’ बऱ्याचदा गळतो. साहेबी इंग्रजीचा आव आणणारं पात्र तो भरून काढायला जातं आणि नको तिथे चिकटवतं. ‘एग’चं ‘हेग’ होतं. मग कुणीतरी डिवचतं, राग चढतो, इंग्रजी गळून पडतं आणि बाई अस्सल पॅट्वात सुरू होते. सगळ्यात मोठा हशा तिथे. शाळा-कोर्टाची भाषा एक आणि घरची दुसरी, हे ज्यांनी भोगलंय त्यांना तो हशा फुकटचा वाटत नाही. किंग्स्टनच्या वॉर्ड थिएटरात 26 डिसेंबर 1941 ला सुरू झालेली पँटोमाइमची (मूकनाट्य नव्हे, गाण्या-विनोदांचं नाटक) परंपरा इंग्रजी वळणाची होती, पहिलं नाटक ‘जॅक अँड द बीनस्टॉक’. पुढे लुईस बेनेट (मिस लू) आणि रॅनी विल्यम्स या विनोदी कलावंतांनी तिथे पॅट्वा आणि अनान्सी हा लोककथांतला लबाड कोळी (जाळं विणणारा) रुजवला.

प्रेक्षकांचं ओरडणं नटाने धरलेलंच असतं. दारामागे प्रियकर लपलाय हे प्रेक्षक नवऱ्याला सांगणार, म्हणून नट संवादांत तेवढी उसंत ठेवतो. मुरलेला नट एका वाक्यात उत्तर देऊन संहितेवर परततो, कच्चा नट तिथेच रमतो. तुमचा दुसरा अंक बहुधा अशानेच रेंगाळला. हे अवधान बतावणी करणाऱ्या सोंगाड्याला नवं नाही. आणि प्रेक्षक नापसंतीने दातांतून हवा ओढत जो लांब आवाज काढतात, तो नटाला नव्हे, पात्राला असतो. खलनायकाला तो मिळाला तर काम जमलं म्हणायचं.

विषयाबद्दल तुमच्याशी सहमत आहे, निदान ‘रूट्स प्ले’ या प्रकारापुरता. फसवणारा नवरा, लबाड पाद्री, ‘फॉरिन’हून परतून फुशारक्या मारणारा: ठरलेले साचे, चावट विनोद. पुढच्या वेळी जमैकन नाटककार ट्रेव्हर रोन यांचं ‘ओल्ड स्टोरी टाइम’ (1979) कुठे लागलं तर बघा. हसवत हसवत ते गोऱ्या कातडीच्या हव्यासावर आणि सुनेवर करणी करू पाहणाऱ्या आईवर येतं. मुलांना न्यायचं असेल तर पँटोमाइम निवडा. रूट्स प्लेला मात्र लहान मुलं नेऊ नयेत. जाहिरातीत कुटुंबाचा फोटो असला तरी.