आमच्याकडे तर नीट दिसतंय!

वेबपेज सगळ्या ब्राउझरांत चांगलं दिसावं असं मनापासून वाटतं ना? मग ते फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर, ताज्या क्रोममध्ये बघा. क्लायंटचा फोन आला की म्हणायचं, “आमच्याकडे तर नीट दिसतंय. कॅश क्लिअर करून बघा ना!” निम्मे तिथेच गार होतात.

उरलेल्या चिवटांसाठी जुने अंगारेधुपारे जपून ठेवा. २००१ साली मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर ६ हा ब्राउझर आला. पानावरच्या, डावीकडे फ्लोट केलेल्या (म्हणजे कडेला सरकवलेल्या) डब्याला डावीकडून २० पिक्सेल मार्जिन, म्हणजे बाहेरची मोकळी जागा दिली, की हा दानशूर कर्ण ४० द्यायचा. उतारा काय, तर पानाची सजावट सांगणाऱ्या सीएसएस फाइलमध्ये त्याच डब्याला ‘डिस्प्ले: इनलाइन’, म्हणजे ‘ओळीतल्या शब्दासारखा वाग’, असं लिहायचं. फ्लोट केलेला डबा तसाही ब्लॉकच (स्वतंत्र चौकोनच) राहतो, म्हणजे ओळीला अर्थ शून्य. पण लिहिली की स्वारी सरळ. दुसरा अंगारा ‘झूम: १’. म्हणजे आहे तेवढंच ठेव! तेवढ्यावर गायब झालेला मजकूर परत दिसायचा. का, ते विचारायचं नाही. दारावर लिंबू-मिरची टांगताना विचारता का?

एक्सप्लोररच्या गणिताला मात्र भरपूर हसा. रुंदी ३००, पॅडिंग (आतली मोकळी जागा) दोन्हीकडे २०, बॉर्डरही दोन्हीकडे ५, तर नियमाप्रमाणे डबा ३५० चा. एक्सप्लोरर ५ म्हणायचा, ३०० म्हणजे ३००, पॅडिंग आत बसवा. काय अडाणी! हसून झालं की आपल्या फाइलच्या डोक्यावर ‘बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स’ चिकटवा. त्याचा अर्थही तोच, पण हे कुणाला सांगू नका.

१५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोररचा आधार काढून घेतला. घाबरू नका, आयफोन आहे. पानाला ‘१००व्हीएच’, म्हणजे स्क्रीनभर, उंची द्या. ‘पैसे भरा’ हे बटण आयफोनच्या सफारी ब्राउझरच्या खालच्या पट्टीमागे अलगद जाऊन बसेल. गिऱ्हाईक ओरडलं तर सांगा, “क्रोम टाका.” आपल्याकडच्या आयफोनवर त्या क्रोमच्या पोटातही सफारीचंच इंजिन, वेबकिट, असतं, पण डाउनलोड होईपर्यंत तुमचा चहा होतो.

काही उंटावरचे शहाणे भेटतील. म्हणतील, न कळलेली ओळ ब्राउझर मुकाट सोडून देतो. तेव्हा आधी ‘१००व्हीएच’ लिहा, त्याखाली ‘१००डीव्हीएच’, म्हणजे पट्टी सोडून उरेल तेवढी उंची. जुना पहिली धरेल, नवा दुसरी. दोन ओळींत काम! मग बिल कशाचं लावणार?

आणि जुनं काही काढायचं नाही. मागच्या महिन्यात एका फाइलमध्ये मला ‘झूम: १’ सापडलं, शेजारी कॉमेंट: ‘हात लावू नये’. धीर करून ओळ उडवली. पाच ब्राउझरांत पाहिलं. काहीही बिघडलं नाही.

तेव्हा जास्तच भीती वाटली. गुपचूप परत टाकली.