मिठीवरचे बिडाचे खांब

बांद्रा सुटलं की लोकल मिठी नदीच्या पुलावर येते, चाकांचा आवाज बदलतो, खाडीचा वास येतो, आणि पेंगत असलो तरी कळतं की माहीम आलं, आता दादरसाठी दाराकडे सरकायला हवं. वीस वर्षं असाच जातोय. पण त्या आवाजाखाली काय उभं होतं हे मला जानेवारी २०२५ चा ब्लॉक लागेपर्यंत, म्हणजे या जुन्या पुलाच्या बदलाच्या कामासाठी रात्री गाड्या बंद ठेवेपर्यंत, माहीतच नव्हतं.

१८८८ सालचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे खांब! स्क्रू पाइल म्हणतात त्याला. खांबाच्या टोकाला रुंद पाती असतात आणि तो पिळत पिळत खाडीच्या चिखलात उतरवायचा, घट्ट जमीन लागेपर्यंत. ही युक्ती अलेक्झांडर मिचेल नावाच्या आयरिश माणसाची, १८३३ चं पेटंट, आणि तो दृष्टिहीन होता. मला हे वाचून खरंच भरून आलं. खांब उभे राहिले तेव्हा वाफेचं इंजिन होतं, विजेची लोकल या लाइनवर आली १९२८ ला, मग नऊ डबे, बारा डबे, आता पंधरा, सगळं त्यांनी सोसलं.

पण बीड म्हणजे पोलाद नव्हे. पोलाद आधी वाकतं, निदान इशारा तरी देतं. बीड वरून दाब कितीही घेईल पण आडवा धक्का बसला की सरळ तडकतं, आणि मिठीला पूर आल्यावर पाण्याचा मारा आडवाच असतो ना. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा हीच नदी कशी फुगली होती ते आठवा.

म्हणून ब्लॉक लागल्यावर आमच्या ग्रुपवर जो संताप चालला होता तो मला अजिबात पटला नाही. शुक्रवारची रात्र आणि शनिवारची रात्र, सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला लागून, आणि तरी 'लोकांचे हाल' वगैरे. हाल झाले, मान्य, पहाटेच्या ड्युटीवाल्यांचे तर खूपच. पण पूल आपल्या वेळेने पडायचा ठरवतो तेव्हा काय होतं ते आपण २ ऑगस्ट २०१६ ला महाडला सावित्रीवर पाहिलंय, दोन एसट्या माणसांसकट वाहून गेल्या. ३ जुलै २०१८ ला अंधेरीला गोखले पुलाचा भाग सकाळी थेट रुळांवर आला. तेव्हा कुणी महिनाभर आधी वेळापत्रक दिलं होतं का?

अशा कामात रूळ, ओव्हरहेड वायर, सिग्नल सगळं त्याच रात्री सोडवून परत जोडायचं, जुना गर्डर, म्हणजे रूळ पेलणारी पुलाची तुळई, क्रेनने उचलायचा, नवा बसवायचा, आणि सकाळी त्यावरून भरलेली गाडी न्यायची. एका मिलिमीटरची चूक चालत नाही. माणसं रात्रभर खाडीच्या वाऱ्यात उभी असतात, त्यांचा फोटोसुद्धा कुठे येत नाही याचं मला वाईट वाटतं.

माझं रेल्वेला एकच म्हणणं आहे. ब्लॉकची नोटीस लावता तेव्हा नुसत्या रद्द गाड्यांची यादी नका देऊ, कारण पण लिहा, कुठला पूल, किती सालचा, काय बदलणार, आणि पहाटेच्या लोकांसाठी बोरिवलीपासून जादा बेस्ट बस ठेवायला सांगा. माणसं समजून घेतात हो.

आणि त्या काढलेल्या खांबांचा एखादा तुकडा बांद्रा स्टेशनात ठेवा. भंगारात नको.