सिनसिनाटीचा धक्का: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘जोसाया हेन्सनला देव्हाऱ्यात बसवलंत, पण 18 गुलामांना सुटकेच्या दारातून मागे नेणारा हाच ना? मालकाचा चमचा!’ जोसाया हेन्सन या अमेरिकेतल्या गुलामावरच्या माझ्या लेखावर ही तुमची प्रतिक्रिया. पहिला भाग शंभर टक्के खरा. लेख लांबत होता म्हणून तो प्रसंग गाळला, असं सांगणार होतो. खरं म्हणजे माझ्या नायकाला डाग नको होता.

साल 1825. मेरीलँडचा मालक आयझॅक रायली कोर्टकज्जात बुडालेला, गुलामांवर जप्ती यायची वेळ. त्याने हेन्सनच्या विनवण्या केल्या आणि सगळ्यांना केंटकीत आपल्या भावाकडे पोचवायचं वचन घेतलं. ओहायो नदीतून जाताना नाव सिनसिनाटीच्या धक्क्याला लागली. तिथे गुलामगिरी नव्हती. तिथले काळे लोक गोळा झाले, म्हणाले, उतरा, इथेच राहा. सोबतचेही डळमळले. हेन्सनने नाव पाण्यात लोटायला लावली. काठावरून शिव्याशाप आले. तीन वर्षांनी मालकाचा हुकूम सुटला: हेन्सनचं कुटुंब सोडून बाकी सगळे विका. तो लिलाव त्याने डोळ्यांनी पाहिला.

आता सांगा, हे तुम्हाला-मला कळलं कुठून? त्याच्याच तोंडून. 1849 च्या आत्मकथनात हे सगळं आहे, आणि त्याचा पश्चात्तापही. ते त्याने बॉस्टनच्या एका माजी महापौराला तोंडी सांगून लिहवून घेतलं. हा प्रसंग वगळला असता तर कुणी विचारलंही नसतं. वगळला मी, त्याने नाही.

‘चमचा’ मात्र पटत नाही. 1828 मध्ये तो मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा धर्मोपदेशक झाला. गावोगाव प्रवचनं करून, वर घोडा विकून, स्वतःच्या सुटकेसाठी ठरलेल्या 450 डॉलरपैकी 350 त्याने रोख मोजले. मालकाने लबाडीने किंमत 1000 करून ठेवली, आणि पुढे त्याला विकायला न्यू ऑर्लिन्सला धाडलं. वाटेत झोपलेल्या मालकाच्या पुतण्यावर त्याने कुऱ्हाड उगारली होती. उगारली आणि खाली घेतली. (हेही त्यानेच सांगितलंय.)

मग 1830 मध्ये तो पळाला. बायकोने, शार्लटने, जाड्याभरड्या कापडाची मोठी झोळी शिवली. दोन धाकट्या पोरांना तीत घालून, पाठीवर घेऊन तो आधी कित्येक रात्री चालायचा सराव करत होता. प्रत्यक्ष वाटेवर पाठीची सालटी निघाली. 28 ऑक्टोबरला नवरा-बायको आणि चार मुलं असे सहाही जण कॅनडाच्या काठाला लागले.

सिनसिनाटीचा परिच्छेद आज रात्री मूळ लेखात घालतो. शीर्षकातला ‘निष्कलंक’ आत्ताच काढलाय.