बॅटमॅनला रॉबिन लागतो, पण रॉबिनला कोण लागतं?

"बॅटमॅनला रॉबिनची गरज आहे" हे कॉमिक्सचे फॅन लोक फार प्रेमाने म्हणतात, आणि मला ते दरवेळी ऐकून पोटात तुटतं. रॉबिन म्हणजे बॅटमॅनसोबत लढणारं पोर, एक गेला की दुसरा मुलगा तेच नाव घेतो. कारण ह्यात मोठं माणूस कोण आणि पोर कोण हेच उलटं झालंय आणि ते कोणाला खटकत नाही.

तिसरा रॉबिन टिम ड्रेकची एन्ट्री आठवा, १९८९. दुसरा रॉबिन जेसन टॉड मेलाय, बॅटमॅन बेभान झालाय, गुंडांना नको तितकं मारतोय, स्वतःच्या जिवाचीही पर्वा नाही. आणि हे लक्षात कोणाच्या येतं? तेरा वर्षांच्या मुलाच्या. ह्या पोराने लहानपणी सर्कशीत डिक ग्रेसनची ती चार कोलांट्यांची उडी बघितलेली, मग टीव्हीवर रॉबिन तीच उडी मारताना दिसला आणि ह्याने एकट्याने सगळं कोडं सोडवलं, की पहिला रॉबिन म्हणजे डिक आणि बॅटमॅन म्हणजे ब्रूस वेन. एवढं हुशार पोर. आधी ते डिककडे जाऊन विनवतं की तू परत रॉबिन हो, डिक नाही म्हणतो, आणि शेवटी तेच तो ड्रेस घालतं. म्हणजे एका मोठ्या माणसाचं दुःख हाताबाहेर गेलंय म्हणून एक शाळकरी मुलगा ड्यूटीवर हजर होतो!

मानसशास्त्रात ह्याला पॅरेंटिफिकेशन म्हणतात. घरातलं मोठं माणूस व्यसनात, दुःखात, आजारपणात बुडालं की मूलच त्याला सांभाळायला लागतं, आज मूड कसाय हे दारातच चेहरा बघून ओळखतं, स्वतःचं काही मागत नाही. आणि बाहेरचे म्हणतात किती समजूतदार आहे हो. ह्या कौतुकानेच ते मूल जास्त अडकतं, कारण मग समजूतदार नसण्याची सोयच उरत नाही. टिमला आपण सगळ्यात शहाणा रॉबिन म्हणतो ना, तो शहाणपणा मला ह्याच जातीचा वाटतो.

आणि हे १९८९ चं नाही, पहिल्यापासून आहे. १९४० मध्ये रॉबिन आणला त्याचं एक कारण अगदी साधं, बॅटमॅन एकटा, मग तो बोलणार कोणाशी ही लेखक बिल फिंगरची अडचण होती. मूल आलं ते मोठ्याची सोय म्हणून. डिकचे आईबाप ट्रॅपीझवरून पडून मेलेत, म्हणजे पाडलेत, आणि ब्रूस त्याला मेणबत्तीच्या उजेडात हात वर करून शपथ घ्यायला लावतो. तो पॅनेल बघा एकदा नीट. ब्रूस दुष्ट नाहीये, तो खरंच कळवळलाय, त्याच्याही आईबापांचा लहानपणीच खून झालेला, त्या मुलात त्याला स्वतः दिसतोय, पण स्वतःच्या दुःखातून तो कधी बाहेरच आला नाही, त्यामुळे द्यायला त्याच्याकडे एकच औषध आहे आणि ते त्याला स्वतःलाही लागू पडलेलं नाही.

लोक म्हणतात डिकच्या रागाला दिशा मिळाली. हे मला निम्मं पटतं, आपल्यावर जे गुदरलंय ते समजणारं कोणीतरी असणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण ज्याचं सगळं गेलंय आणि ज्याच्या डोक्यावरचं छप्परही त्याच माणसाचं आहे तो मुलगा हो म्हणाला, ह्या "हो" ला किती धरायचं? १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थॅम ह्या मानसोपचारतज्ज्ञाने ह्या दोघांवर केवढा गहजब केला, पण तो समलैंगिकतेच्या नावाने, भलत्याच गोष्टीवर. पोर गोळ्यांसमोर उभं आहे हे राहिलंच.

जेसनचं तर बोलवत नाही. १९८८ मध्ये वाचकांनी फोन करून मतं दिली, ५,३४३ मरू दे, ५,२७१ जगू दे. ७२ मतांनी गेला. आणि नंतर बॅटमॅनच्या गुहेत त्याचा ड्रेस काचेच्या पेटीत, खाली पाटी, "अ गुड सोल्जर". सैनिक! पोरगा होता तो, त्या घरात वाढलेला, आणि पाटीवर त्याचा हुद्दा लिहिलाय. म्हणून २००५ मध्ये तो जिवंत होऊन, रेड हूड ह्या नावाने बॅटमॅनच्या विरोधात परत येतो तेव्हा त्याचा राग मला अजिबात अति वाटत नाही. त्याचा प्रश्न एवढाच आहे की मी गेल्यावर तू माझ्यासाठी काय केलंस, आणि ब्रूसकडे उत्तर म्हणून कोणाचा जीव घ्यायचा नाही हे तत्त्व आहे फक्त.

ग्रीन ॲरो ह्या दुसऱ्या हिरोचंही तेच, १९७१ मध्ये त्याचा पोरसवदा साथीदार स्पीडी हेरॉइनवर आहे हे कळतं आणि पहिल्यांदा काय करतो तर हात उचलतो.

मला सगळ्यात राग मात्र ब्रूसच्या घरच्या बटलरचा, आल्फ्रेडचा येतो. जखमा शिवणारा तोच, रात्री वाट बघणारा तोच, ब्रूसला लहानपणापासून ओळखणारा तोच. आज हा मुलगा बाहेर जाणार नाही असं दारात उभं राहून सांगायची ताकद त्या घरात एकट्या त्याच्याकडे होती. तो बोलतो, टोमणे मारतो, आणि मग ड्रेस इस्त्री करून देतो.

२००९ मध्ये डिक स्वतः बॅटमॅन झाला आणि ब्रूसचा दहा वर्षांचा मुलगा डेमियन त्याचा रॉबिन, ती जोडी मला सगळ्यात आवडते. डिक त्याच्याशी बोलतो, चिडला तरी टाकून देत नाही, त्याच्यासमोर हसतो, आणि स्वतःचं ओझं त्या पोराच्या गळ्यात घालत नाही. मेंटॉर म्हणून तो ब्रूसपेक्षा कितीतरी चांगला आहे. पण त्यानेही डेमियनला घरी ठेवलं नाही, आणि इतकं सगळं भोगलेल्या डिकलाही ते सुचू नये ह्याचंच मला जास्त वाईट वाटतं.